घाटाखालून घाटावर : द्राक्षप्रदेशातील मार्गदर्शित सायकल पर्यटन आणि मलकापूर परिसर

प्रस्तावना

मुंबईहून नागपूरकडे निघालेली रेल्वेगाडी भुसावळ सोडल्यानंतर सुमारे पन्नास किलोमीटरवर मलकापूर स्थानकात येते. विदर्भाचे प्रवेशद्वार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराजवळूनच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे पूर्वीचा महामार्ग क्रमांक ६, जातो. रेल्वे आणि महामार्ग अशा दोन्ही सोयी असल्याने मलकापूरवरून जाणाऱ्या प्रवाशांची संख्या मोठी आहे. मात्र पाहण्यासाठी म्हणून येथे उतरणारे विरळाच. वाहतूक वाढली म्हणजे पर्यटन वाढते, हा समज किती अपुरा आहे हे यावरून लक्षात येते. वेगाने जाणारा प्रवासी मार्गावरील गावाला धूळ आणि आवाज यांखेरीज फारसे काही देत नाही.

याच्या अगदी उलट चित्र युरोपातील काही द्राक्षप्रदेशांत दिसते. तेथे लोक मुद्दाम सायकलीवरून, दिवसाला तीस ते साठ किलोमीटर एवढ्याच गतीने, द्राक्षमळे आणि वनाच्छादित टेकड्या यांमधून आठवडाभर हिंडतात. वाटेतील प्रत्येक लहान गावात ते थांबतात, जेवतात, मुक्काम करतात. या प्रकाराला मार्गदर्शित सायकल सहल असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या सहलीची रचना स्पष्ट करून नाशिक व मलकापूर या दोन प्रदेशांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे. या पर्यटनाचा खरा आधार द्राक्षही नाही आणि सायकलही नाही. सुरक्षित दुय्यम रस्ते, एका दिवसात पार करता येईल असा विविधतेने भरलेला भूभाग आणि आपल्या दारात आपला माल विकण्याची शेतकऱ्याला असलेली मुभा, या तीन गोष्टींवर ते उभे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संकल्पना आणि कार्यपद्धती

सायकलीवरून दूरचा प्रवास ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे मुंबईचे तरुण १९२३ मध्ये सायकलीवरून जगप्रवासास निघाले आणि १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. मात्र ही उदाहरणे साहसाची आणि क्रीडेची आहेत. मार्गदर्शित सहल हा वेगळा प्रकार होय. तिच्यात भाग घेणारा प्रवासी बहुधा मध्यमवयीन किंवा निवृत्त असतो, सरावाने बेताचा असतो आणि त्याला कोणाचाही विक्रम मोडावयाचा नसतो.

अशा सहलीत साधारणतः दहा ते सोळा जणांचा गट असतो. एक मार्गदर्शक गटाच्या पुढे आणि दुसरा सर्वांत शेवटच्या स्वाराच्या मागे राहतो, त्यामुळे मंद चालणारा मागे एकटा पडत नाही. प्रवाशांचे सामान एका गाडीतून पुढील मुक्कामी जाते; त्याच गाडीत जादा चाके, ट्यूब, हवेचा पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि पाणी असते. एखादा प्रवासी थकल्यास सायकलीसह त्याच गाडीत बसतो, आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. सकाळी दोन-तीन तास व दुपारनंतर दीड-दोन तास सायकल चालवावयाची आणि उरलेला वेळ पाहण्यात, जेवणात व विश्रांतीत घालवावयाचा, अशी दिवसाची आखणी असते. अलीकडे विजेरीचे साह्य असलेल्या सायकलींमुळे या सहलींत वृद्धांचाही सहभाग वाढला आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार अशा सायकलीची मोटार २५० वॅटपर्यंतची असते आणि ताशी २५ किलोमीटरनंतर तिचे साह्य बंद होते.

मार्ग ठरविताना अंतरापेक्षा चढाला अधिक महत्त्व दिले जाते. यामागील गणित सोपे आहे. स्वार, सायकल आणि थोडे सामान मिळून ९५ किलो वजन धरल्यास सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेग राखण्यासाठी अंदाजे ४५ वॅट शक्ती पुरते. पाच टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची असलेल्या रस्त्यावर, वेग ताशी ६ किलोमीटरपर्यंत खाली आणला तरी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. म्हणून नकाशावर जवळ दिसणारे गाव सायकलीच्या हिशेबात दूर असू शकते. अनुभवी मार्गदर्शक दिवसाचा मुख्य चढ सकाळच्या थंड वेळी ठेवतो. उतार मात्र थकलेल्या गटाला सरसकट मोकळा सोडीत नाही, कारण अपघाताचे भय चढापेक्षा उतारावर अधिक असते.

द्राक्षमळा आणि वन यांचा शेजार

द्राक्षमळे आणि वनाच्छादित टेकड्या युरोपात अनेक ठिकाणी एकमेकांस लागून आढळतात. हा योगायोग नव्हे. सपाट, खोल व सकस जमीन धान्याला दिली जाते. उंचावरील थंड व खडकाळ भाग वनाखाली राहतो. आणि या दोहोंमधील उताराची, पाण्याचा निचरा होणारी, सूर्याकडे तोंड असलेली पट्टी द्राक्षाला मानवते. फ्रान्समधील अल्सास प्रांतात व्होज पर्वत पश्चिमेकडून येणारा पाऊस अडवितो. त्यामुळे पायथ्याच्या कोल्मार शहरात वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. या पायथ्याने जाणारा अल्सासचा द्राक्षमार्ग १९५३ मध्ये आखण्यात आला असून त्याची लांबी सुमारे १७० किलोमीटर आहे.

सीमेच्या पलीकडे जर्मनीतील फाल्त्स प्रदेशात हीच रचना पुढे चालू राहते. तेथील जर्मन द्राक्षमार्ग १९३५ मध्ये सुरू झाला. त्याचा उगम सौंदर्यदृष्टीत नसून अडचणीत होता. भरघोस पीक आले होते, माल पडून होता आणि नाझी राजवटीच्या ज्यूविरोधी धोरणामुळे ज्यू मद्यव्यापारी व्यापाराबाहेर ढकलले जात होते. अशा स्थितीत ग्राहकालाच गावापर्यंत आणण्याची ही योजना होती. पुढे राजवट गेली, रस्ता राहिला. सुमारे ८५ किलोमीटरच्या या मार्गावर ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी मोटारींना बंदी करून तो सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी मोकळा ठेवण्याची प्रथा आहे. मार्गाच्या पश्चिमेस पसरलेले फाल्त्सचे वन व फ्रान्समधील उत्तर व्होजचे वन मिळून १९९८ पासून युनेस्कोचे सीमापार जीवावरण क्षेत्र झाले आहे. ऱ्हाइनचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ११० मीटरवर, तर या वनातील सर्वोच्च शिखर ६७३ मीटरवर आहे. सायकलीवरील एका दिवसात मैदान, द्राक्ष आणि अरण्य अशी तीन जगे पाहता येतात ती यामुळेच.

या मार्गांना जोडणारे दूरचे जाळेही उभे राहिले आहे. 'युरोव्हेलो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जाळ्यात सध्या १७ दूरमार्ग असून त्यांतील सहावा मार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. फ्रान्समधील लवार नदीचे खोरे आणि ऑस्ट्रियातील वाखाऊ हा डॅन्यूबकाठचा प्रदेश हे दोन्ही द्राक्षप्रदेश त्यावर येतात. वाखाऊमधील मेल्क ते क्रेम्स हे अंतर उण्यापुऱ्या चाळीस किलोमीटरचे आहे. दगडी बांधांच्या पायऱ्यांवर लावलेले मळे, नदी, मठ आणि वने एवढ्यात सामावतात.

शेतकऱ्याच्या दारातील विक्री

या व्यवस्थेतील सर्वांत बोधप्रद भाग अर्थकारणाचा आहे. ऑस्ट्रियात सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ मध्ये शेतकऱ्यांना स्वतः पिकविलेले अन्न, फळांचा रस व वाइन आपल्याच घरी विकण्याची मुभा देणारा आदेश काढला. त्यातून 'हॉयरिगर' ही संस्था रुजली. ज्या घरी नवी वाइन विक्रीस आहे त्या घराच्या दारावर हिरवी फांदी टांगलेली असते; फांदी काढली की विक्री संपली असे समजावे. पाटीची, जाहिरातीची, दलालाची गरज नाही. सायकलस्वार अशाच दाराशी थांबतो. तो मोटारीप्रमाणे शंभर किलोमीटर पुढे जाऊ शकत नाही, आणि त्याला तहान-भूक लागतेच. त्याची ही मर्यादा हेच गावाचे उत्पन्न ठरते.

येथे एका प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. वाइन आणि सायकल यांची सांगड धोक्याची नाही काय? ती धोक्याची आहेच. जर्मन न्यायालये सायकलस्वाराच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण हजारी १.६ झाल्यास त्याला वाहन चालविण्यास पूर्णतः अपात्र मानतात. फ्रान्समध्ये मोटारचालकाला लागू असणारी मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. सुव्यवस्थित सहलीत म्हणून वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम दिवसाची सायकल ठेवून झाल्यावर, मुक्कामाच्या गावीच होतो. किंबहुना अनेक प्रवाशांचे आकर्षण मद्यापेक्षा मळा, माती, तळघर आणि ते राखणारे कुटुंब हेच असते.

नाशिकचे उदाहरण

महाराष्ट्रात या रचनेशी जवळचे साम्य असलेला प्रदेश नाशिकचा आहे. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांची योजना आखली. गंगापूर धरणाजवळ सुला या कंपनीची वायनरी २००० मध्ये सुरू झाली. त्यानंतर दिंडोरी, इगतपुरी आदी भागांत अनेक वायनऱ्या उभ्या राहिल्या. पूर्वेस सपाट द्राक्षमळे आणि पश्चिमेस त्र्यंबक-इगतपुरीचे सह्याद्रीचे डोंगर, अशी येथील मांडणी आहे.

ऋतुचक्र मात्र युरोपहून निराळे आहे. युरोपात वेलीची छाटणी हिवाळ्यात एकदा होते आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. नाशिकला वेल थंडीने झोपी जात नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते. सायकलीसाठीही हाच काळ सुखाचा असतो, ही जमेची बाजू होय.

उणी बाजूही स्पष्ट आहे. नाशिकचे वाइन पर्यटन प्रामुख्याने मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी मोटारीने येणाऱ्यांचे आहे. पर्यटक वायनरीच्या आवारात शिरतो आणि तेथूनच परततो. दोन वायनऱ्यांमधील गाव त्याच्या गाडीच्या काचेबाहेर राहते. वाइनची द्राक्षे पिकविणारा शेतकरी कंपनीस करारावर माल देतो, परंतु आपल्या ओसरीवर वाइन विकू शकत नाही. त्यासाठी स्वतंत्र परवाने लागतात. म्हणजे भूगोल जुळला तरी १७८४ च्या त्या आदेशाने साधलेली गोष्ट येथे साधलेली नाही.

मलकापूर परिसर : साम्य आणि भेद

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालचा आणि घाटावरचा असे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. मलकापूर, नांदुरा, मोताळा हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. मोताळ्यावरून राजूर घाटाने जाणारा या दोन शहरांमधील रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा आहे. एका दिवसाच्या सायकलप्रवासात चारशे मीटरांची उंची, काळ्या मातीचे मैदान, नळगंगेचे पाणी आणि डोंगरावरील वन, हे सर्व येथे येते. उंचीच्या या हिशेबात फाल्त्स आणि हा परिसर एकमेकांपासून फार दूर नाहीत.

घाटावरच बुलढाणा ते खामगावच्या दरम्यान ज्ञानगंगा अभयारण्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून निघालेला एक तरुण वाघ सुमारे तीन हजार किलोमीटरची भटकंती करून २०१९ च्या अखेरीस याच अभयारण्यात येऊन राहिला, ही घटना देशभर गाजली. वाघाला तीन हजार किलोमीटर फिरून जी जागा राहण्याजोगी वाटली ती शेजारच्या माणसांना पाहण्याजोगी वाटू नये, हे चिंतनीय आहे.

द्राक्ष मात्र येथे नाही. येथील शिवार कापूस, सोयाबीन, तूर यांचे आहे. मग प्रवाशाने कोणत्या दाराशी थांबावे? याचे उत्तर परिसरातच आहे. हिवाळ्यात कोवळ्या ज्वारीची कणसे शेतातच गोवऱ्यांच्या आगट्यात भाजून, हातावर चोळून, तिखट चटणीबरोबर खाण्याची पद्धत वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या आहे. हुरडा हा त्या अर्थाने येथील हॉयरिगर होय : तो हंगामी आहे, ताजाच खावा लागतो, दूरच्या बाजारात नेता येत नाही आणि शेतावर गेल्याशिवाय मिळत नाही. वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा, वरण-बट्टी, मांडे हे पदार्थही याच कोटीतील. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्याने शेतावर निवास व भोजन देण्यास अधिकृत चौकटही उपलब्ध झाली आहे. तथापि सोयाबीन व कापूस यांच्या विस्ताराने ज्वारीचे क्षेत्र घटले आहे, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. प्रवासी आला तर ज्वारीचा एखादा तुकडा शेतकरी राखील; ज्वारीच उरली नाही तर प्रवाशाला थांबविणारे काही उरणार नाही.

प्रत्यक्षातील अडचणी

पहिली अडचण रस्त्याची. महामार्ग ५३ वरील अवजड वाहतूक पाहता तो सायकल सहलीसाठी सर्वथा वर्ज्य मानला पाहिजे. घाटावरून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर सायकलींना प्रवेशच नाही, आणि वेगासाठी बांधलेल्या त्या रस्त्याचा गावांशी संबंध ठरावीक ठिकाणांपुरताच येतो. सायकलीचा मार्ग गावांना जोडणाऱ्या जिल्हा व ग्रामीण रस्त्यांवरूनच काढावा लागेल. राजूर घाटातील वळणांवर समोरचे वाहन उशिरा दिसते, म्हणून तेथे पुढे-मागे मार्गदर्शक, चमकत्या पट्ट्यांचे अंगरखे आणि लहान गट ही पथ्ये अनिवार्य ठरतात.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे आणि घाटाखालच्या काही गावांना त्याची झळ बसते. दिवसभर घाम गाळणाऱ्या स्वाराला दिसेल त्या हातपंपाचे पाणी देऊन चालत नाही. पाण्याचे थांबे आधी तपासून निश्चित करावे लागतात. तिसरी अडचण हवामानाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चारच महिने योग्य ठरतात. चौथी अडचण सोयींची. स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे नसतील तर निम्मा समाज या उपक्रमाबाहेर राहील. याशिवाय बाभळीच्या काट्याने होणारे पंक्चर ही येथील नित्याची बाब असल्याने पंक्चर काढता येणारा माणूस गटात असावाच लागतो. अभयारण्याच्या हद्दीतील कोणताही कार्यक्रम वनविभागाच्या परवानगीविना हाती घेऊ नये, हे वेगळे सांगावयास नको.

महाविद्यालयांची भूमिका

असा मार्ग प्रथम एखाद्या कंपनीने आखावा अशी वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान महाविद्यालयातच विभागून असते. भूगोल विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांवरील समोच्च रेषांवरून प्रत्येक किलोमीटरचा चढ काढावा. रसायनशास्त्र विभागाने थांब्यांवरील पाणी तपासावे. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी घाटाखालील व घाटावरील वृक्ष-पक्ष्यांची सूची करावी. अर्थशास्त्र विभागाने प्रवाशाच्या खर्चापैकी किती रक्कम गावात राहते याची नोंद ठेवावी. गृहअर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी महिला बचत गटांबरोबर भोजनाची आखणी करावी. शारीरिक शिक्षण व राष्ट्रीय सेवा योजना यांनी सराव आणि सुरक्षितता पाहावी. विद्यार्थी व प्राध्यापक यांची पंधरा जणांची, एक मुक्काम असलेली सहल एवढा प्रारंभ पुरेसा आहे. सायकल पंधरा-वीस वर्षे दाराशी नुसती टेकून असलेल्या घरांतूनही अशा गटासाठी स्वार मिळू शकतात.

ही सहल यशस्वी झाली की नाही हे किती किलोमीटर झाले यावरून ठरवू नये. मार्गावरील किती घरांत प्रवाशाचा पैसा पोहोचला, आणि पुढील हंगामात त्यांतील किती घरे पुन्हा दार उघडण्यास तयार आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची मानावीत.

समारोप

युरोपातील द्राक्षप्रदेशांचे अनुकरण करावयाचे झाल्यास वेली लावण्याची आवश्यकता नाही. ज्या व्यवस्थेमुळे मंद प्रवासी गावाच्या उपयोगी पडतो ती व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. फाल्त्सचा रस्ता न खपलेल्या मालातून निघाला आणि ऑस्ट्रियातील दारावरची फांदी शेतकऱ्याला मिळालेल्या मुभेतून आली. नाशिकजवळ मळे व डोंगर आहेत, पण गाव बाजूला पडले आहे. मलकापूरजवळ मळे नाहीत. परंतु घाट, वन, नळगंगेचा काठ आणि हिवाळ्यातील आगटी अद्याप आहे. घाटाखालून घाटावर जाणारा रस्ता रोज वाहनांनी भरून वाहतो. त्याच्या बाजूच्या गावरस्त्यांवरून पंधरा सायकली सावकाश गेल्या आणि एखाद्या शेतावर थांबल्या, तर त्या थांबण्याचे मोल शेतकऱ्याला प्रथम कळेल. त्या मोलाची नोंद ठेवण्याचे काम महाविद्यालयाचे आहे.